म्हणे हा बेवडा

“काका, पुढच्या रांगा फॅमिलीजसाठी आहेत. बॅचलर्स मागे, प्लीज.”

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी हे हसून म्हणाले. चर्चच्या आवारातील हॉलच्या दारात उभे राहून ते येणाऱ्या कुटुंबांशी हात मिळवीत होते. माझ्याशी मिळवला नाही. माझ्या खांद्याला दोन बोटे लावली आणि दिशा दाखवली. मागे. जिथे एसीची हवा पोचत नव्हती आणि प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. त्या आम्हीच काढून मांडायच्या होत्या.

माझी साठी उलटली आहे. पत्नी राहुरीला असते. मुलींची लग्ने झाली, नातवंडे शाळेत जातात. तरी मी बॅचलर. इथे दुबईत ज्याच्या पगारात कुटुंब आणणे बसत नाही, तो प्रत्येक पुरुष बॅचलर. इमारतींच्या पाट्यांवर हा शब्द मी वर्षानुवर्षे वाचला आणि सोसला. देवाच्या घरात तो प्रथमच ऐकला, आणि तोही मराठी माणसाच्या तोंडून. त्यांचे आणि माझे आजोबा एकाच तालुक्यातील, दोघेही गावकुसाबाहेरचे.

आणि त्या संध्याकाळच्या उपासना-संगीतात शेवटचे गीत माझे होते.

माझे वडील मिशनच्या शाळेत संस्कृत शिकवीत. आमच्या घरातील मुलगा संस्कृत शिकला म्हणून त्यांना जे ऐकावे लागले, ते त्यांनी आम्हांला कधी सांगितले नाही. पहाटे आधी प्रार्थना, मग शब्दरूपे, हा आमचा क्रम. पुढे त्याच शाळेत, त्याच फळ्यापुढे मी उभा राहिलो. आठवडाभर वृत्ते शिकवली, रविवारी मंडळीत पेटी वाजवली. आणि दारू प्यालो. आधी लपून, मग न लपता. एके दिवशी वर्ग भरलेला असताना फळ्याला टेकलो आणि टेकल्या टेकल्या खाली घसरलो. नोकरी गेली. मेहुण्याने व्हिसा मिळवून दिला. दुबईत एका बांधकाम कंपनीत मी स्टोअरकीपर झालो आणि कामगारांच्या कॅम्पात राहू लागलो. त्या वस्तीचे कागदावरचे नाव मुहैस्नाह. सगळे तिला सोनापूर म्हणतात. मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान. इथल्या सोनापुरात माणसे जिवंत असतात, एवढाच भेद.

तिथेही दारू मिळे. कॅम्पामागच्या वाळूत, पाण्याच्या बाटलीत भरून. माझे नाव तिथे कुणी विचारले नाही. ए बेवड्या, नळ सोड. बेवड्याला उठवा रे, बस आली. तेच माझे नाव झाले.

एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मी प्यालेला असतानाच चर्चला जाणाऱ्या बसमध्ये चढलो. का चढलो, हे आजही सांगता येत नाही. हॉलच्या पायरीपर्यंत पोचलो आणि तिथे पडलो. उपासनेची वेळ झाली होती. कुटुंबे आत जात होती. मला जमिनीलगतचे दिसत होते तेवढेच. चकचकीत बूट, साड्यांचे काठ, लहान मुलींचे पांढरे मोजे. ते सगळे पाय माझ्यापर्यंत येत, वळत, आणि आत जात. कुणीतरी म्हणाले, “आपला नसेल. दुसऱ्या मंडळीचा असेल.” शुद्ध मराठीत म्हणाले.

मला उचलले ते गेटवरच्या पठाण पहारेकऱ्याने. तो मशिदीत जाणारा माणूस. त्याने माझ्या काखेत हात घातले, मला पायरीवरून वर घेतले, भिंतीशी सावलीत बसवले आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारले. “बैठ, बाबा,” एवढेच बोलला.

प्रभू माझ्याकडे त्या दिवशी त्या हातांनी आला, अशी माझी श्रद्धा आहे. त्यानंतर मी प्यालो नाही. हे वाक्य लिहिण्यास फार सोपे आहे. ते जगताना अंग थरथरले, जीभ सुकली, भिंतींतून आवाज ऐकू आले. त्या थरथरीतच पहिले कडवे जुळले:

सांडलेले पाणी । ओंजळीत घेसी ।
असा कोण देशी । दुजा आहे ॥

आणि शेवटचे:

म्हणे हा बेवडा । दाराशी पडलो ।
पायरी चढलो । त्याच्या हाते ॥

आपल्याकडे पद रचणारा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. हे मी स्वतः भोगले, याची ती साक्ष असते. माझे खरे नाव बुडाले होते. जे उरले होते, ते मी घातले.

दर शुक्रवारी उपासना सुटल्यावर बस येईपर्यंत आम्ही कॅम्पातील माणसे पार्किंगच्या पत्र्याखाली बसून हे पद गात असू. चाल गावाकडची, जात्यावरच्या ओवीला जवळची. ताल पाण्याच्या रिकाम्या पिंपावर. दानिएल नावाचा आमच्याच भागातला स्कॅफोल्डिंगचा कामगार तिथे येऊन लांब उभा राहायचा. तोही पिणारा. एकदा गाणे संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, “मास्तर, देवाच्या गाण्यात आपलं नाव कवा आलं नव्हतं. ह्यात आलं.” त्या आठवड्यापासून तो आमच्यात बसू लागला, आणि कॅम्पामागे जाणे त्याने सोडले.

सेक्रेटरींनी ते गाणे मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि वार्षिक कार्यक्रमासाठी मागितले. व्हेरी टचिंग आहे, म्हणाले, फक्त जरा पॉलिश करावे लागेल. मी म्हणालो, चाल हवी तशी करा, शब्दांना हात लावू नका. ते म्हणाले, “शुअर, काका, शुअर.”

त्या संध्याकाळी मी मागच्या खुर्चीवर बसून वाट पाहिली. शेजारी दानिएल. पाठीमागे बिर्याणीचे डबे आणि पेपर प्लेट. शेवटी निळ्या साड्या आणि निळे टाय ओळीने उभे राहिले, कीबोर्ड सुरू झाला, आणि निवेदिका म्हणाली, “आता ऐकू या एक पारंपरिक गावरान भजन.”

पारंपरिक. म्हणजे ज्याचा कर्ता कोण, ते कुणास ठाऊक नाही. कर्ता शेवटच्या रांगेत जिवंत बसला होता.

त्यांनी गायले ते सुरात होते, हे मी मान्य करतो. मग शेवटचे कडवे आले.

म्हणे तुझा दास । दाराशी थांबलो ।
पायरी चढलो । त्याच्या हाते ॥

बेवडा गेला. दास आला. आणि दास पडला नाही, थांबला. इस्त्रीचे कपडे घालून, दार उघडेपर्यंत, सभ्यपणे. जो नुसता थांबला आहे, त्याला उचलावे लागत नाही. माझ्या पदातून पठाणाचे हात त्यांनी काढून टाकले. आणि त्या पायरीवर वळून गेलेले सगळे पायही.

दानिएल उठला. “मास्तर, हे आपलं न्हाई. चला, खलास.” त्याचा चेहरा मी पाहिला. ज्या गाण्याने त्याला आत घेतले होते, त्याच गाण्याने त्याला पुन्हा बाहेर काढले होते. मी त्याला हात धरून बसवले.

टाळ्या थांबल्या तेव्हा सेक्रेटरी माइकवर बोलू लागले. आपल्यात कॅम्पातले एक काका आहेत, प्रभूने त्यांचे जीवन बदलले आहे, आज आपण त्यांना शाल देणार आहोत. मग स्वतः मला न्यायला मागे आले आणि कानाशी वाकून म्हणाले, “दोन मिनिटं साक्ष द्या, काका. फक्त तो विषय नको. मुलं बसली आहेत.”

आयुष्यभर मी मोठ्यांपुढे मान लववली. वडिलांनी नम्रता शिकवली होती, आणि मी तिलाच भक्ती समजत आलो. त्या क्षणी कळले की मी ज्याच्यापुढे लवत होतो, तो देव नव्हता. ते फिके निळे टाय होते.

मी उभा राहिलो. व्यासपीठाकडे गेलो नाही. “शाल नको,” म्हणालो. “गीत माझे आहे. शेवटचे कडवे चुकीचे गायले गेले.” आणि जिथे होतो तिथूनच, माइकशिवाय, गावाकडच्या चालीत गायलो. म्हणे हा बेवडा, दाराशी पडलो. दानिएलने खुर्चीच्या पाठीवर ताल धरला. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढच्या रांगांच्या माना वळल्या, आणि तिथून सेक्रेटरींच्या लहान मुलीचा आवाज आला, “पापा, व्हॉट इज बेवडा?”

पापा माझ्याजवळून वळले आणि पुढच्या रांगेकडे गेले.

कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये ते माझ्यावर संतापले. मी मंडळीची लाज काढली, म्हणाले. मी त्यांना विचारले, “त्या शुक्रवारी पायरीवर मी पडलो होतो. तुम्ही होता का?” ते गाडीची किल्ली शोधू लागले. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दोन पावलांवर उभे होते. त्यांनी खाली पाहिले.

दुसऱ्या आठवड्यात निरोप आला. कॅम्पातील मंडळींनी पत्र्याखाली बसून गाऊ नये, फॅमिलीजना त्रास होतो. माफी मागितल्यास पुढे पाहू.

माफी मागणार नाही. त्या हॉलमध्ये पाऊलही ठेवणार नाही. माझे कोणतेही पद त्या व्यासपीठाला आता देणार नाही, शब्द बदलून नाही आणि न बदलताही नाही. हे मी रागाने लिहीत नाही. राग ओसरला. हे त्यानंतर उरलेले आहे.

पायरी मात्र माझी आहे. मी तिच्यावर पडलो आहे. दर शुक्रवारी, उपासनेच्या वेळी, मी तिथे बसेन आणि ते पद शेवटच्या कडव्यासकट म्हणेन. दानिएल माझ्या शेजारी असेल. उठवायचे असेल, तर सेक्रेटरींनी स्वतः येऊन, काखेत हात घालून उठवावे. नाहीतर ज्यांना आत जायचे असेल, त्यांनी माझ्याजवळून वळून जावे. त्याची त्यांना सवय आहे.