आधी होतं तसं परत

भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी वसलं आणि मी शिकायला लातूरला आलो. घरात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिलाच. बी.एस्सी. करता करता एका कोचिंग क्लासमध्ये सराव परीक्षांचे पेपर टाइप करायचं काम तिथल्या सरांनी मला दिलं. रोज संगणकाला हात लावायला मिळे. दुसरीकडे कुठे मिळालं असतं?

त्यावरच्या एडिटरला, म्हणजे मजकूर टाइप करायच्या प्रोग्रॅमला, आपण लिहिलेल्या आज्ञा एकामागोमाग पाळायला लावता येत. प्रश्नांना क्रमांक घालणारी अशा आज्ञांची एक स्क्रिप्ट मी लिहिली. सोडलेल्या जागेवरच आकडे बसावेत म्हणून ती जुन्या अक्षरावर नवं अक्षर उमटवणारी सेटिंग चालू करी. काम झाल्यावर ती सेटिंग बंद करायचं मला सुचलंच नाही.

एका रविवारी सर पेपरात दुरुस्त्या घालायला बसले. सर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. नजर हस्तलिखितावर, पडद्याकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. तीन पानं झाल्यावर मान वर केली, तेव्हा प्रत्येक नव्या शब्दाने पुढचा शब्द खाल्ला होता. फाइल सेव्हही झाली होती. दोन वाजता परीक्षा.

“माझे प्रश्न कुठं गेले रे?”

जुन्या प्रिंटवरून सर वाचत गेले, मी टाइप करत गेलो. पेपर वेळेवर निघाला. मग सर म्हणाले, “आता मशीनला शिवायचं न्हाई.”

“सर, एकदा दुरुस्त करून दाखवतो. नाही जमलं तर नाही शिवणार.”

स्क्रिप्टच्या शेवटी मी सेटिंग बंद करणारी ओळ घातली. सरांनी उत्तरसूची उघडली. तिचे रकाने हलू नयेत म्हणून ती सेटिंग त्यांनी स्वतःच चालू केली, माझी स्क्रिप्ट चालवली आणि टाइप करू लागले. या वेळी पडद्याकडे बघत. स्क्रिप्टने जाता जाता सेटिंग बंद केली होती; रकाने सगळे सरकले.

“पाहुणा म्हणून आलास अन् माझी बाज उचलून अंगणात टाकलीस की रे!”

सरांचं खरं होतं. शेवटी ‘बंद’ करायचं नव्हतं, आधी होतं तसं करायचं होतं. पहिल्याच ओळीत मी सेटिंगची त्या वेळची स्थिती राखून ठेवली आणि शेवटी तीच परत बसवली. काम मधेच तुटलं तरी ही शेवटची ओळ पाळली जाईल, अशीही सोय केली.

सरांनी सेटिंग चालू ठेवून पाहिलं, बंद ठेवून पाहिलं. क्रमांक अर्धे पडलेले असताना मुद्दाम स्क्रिप्ट थांबवली. दर वेळी त्यांचं त्यांना जसंच्या तसं मिळालं.

सर उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“रसायनचा पेपर राह्यलाय. बस.”