मोटर कुठे बसवायची

शहरात चुंबकावर तरंगत धावणारी गाडी येणार होती. तिला पुढे ढकलणारी मोटर कुठे बसवायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं: गाडीच्या पोटात, की मार्गाच्या अख्ख्या लांबीत. हे ठरवायचं काम आलं होतं धाकटीकडे. कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणत. घरात मात्र केस पिकले तरी ती धाकटीच.

मार्गात मोटर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेची वेटोळी. ती गुंडाळायला हात लागणार, म्हणजे नदीपलीकडचा बंद पडलेला मोटर कारखाना उघडणार. आणि कारखाना उघडला की दादा परत येणार. दादा तिथला वायंडर, मोटरची तार गुंडाळणारा. कारखान्याला कुलूप लागलं तसा तो परदेशी गेला आणि तिकडेच पंप दुरुस्त करत राहिला. त्याच्याशिवाय घर तिला खायला उठायचं. जेवताना भांडायला माणूस नाही, ते काय जेवण?

म्हणून तिने हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. आकडे काही तिच्या बाजूने बोलेनात. मार्ग छोटा, गाड्या मोजक्या, वेग बेताचा. गाडीत मोटर घेतली तर गाडी थोडी जड होणार, वीज थोडी जास्त खाणार, पण खाली नुसती ॲल्युमिनियमची पट्टी पुरणार होती. एवढ्याशा धावेसाठी मार्गभर तांबं पसरायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि तो मसाला पुढे वर्षानुवर्षं तिकीट काढणाऱ्यांनीच फेडायचा होता.

"मॅडम, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा," कचेरीतले मोठे साहेब म्हणाले. तिथेच तर खरी पंचाईत होती. तिला कोणी अडवणारच नव्हतं. 'मार्गात' असा एक शब्द लिहिला की भाऊ घरी. तिने डोळे पुसले आणि 'गाडीत' असं लिहून सही केली.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय गं, कुठे बसवलीस?"

"गाडीत."

तो हसला. "बरोबर केलंस. मार्गात बसवली असतीस तर मीच तुझा कान धरला असता."

"दादा, मला तू इथे हवा होतास रे."

"माहीत आहे, वेडे. रडू नकोस. चल, ठेवतो. परत यायचं म्हणून इथल्या शेजाऱ्याला माझी खाट विकलीय, तो न्यायला यायच्या आत त्याला नाही म्हणून सांगायला हवं."