अंगठ्याएवढ्या यानांचं बिऱ्हाड

मी एकदा गडावरच्या देवीला नवस बोलले होते, "आई, साच्यातून पहिलं यान धड निघू दे, तुझ्या पायाशी आणून ठेवीन." धड निघालं, आणि मी ते वाहूनही आले. तेव्हापासून आमच्या घरात किस्से असे साठत गेलेत की विचारू नका. लोकांकडे माळ्यावर जुनी भांडी साठतात, आमच्याकडे हे साठलं. हळदीकुंकवाला बसलं की बायका म्हणतात, "ते यानाचं सांगा ना!" कोणतं सांगू?

आधी थोडं सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. ह्यांचा सातपूरचा कारखाना बंद पडला आणि हे घरी बसले. धाकटे दीर विलासभाऊजी चित्रकलेतले. त्यांना सायबर कॅफेत इंटरनेटवर एक साहेब सापडला, स्कॉटलंडचा पीटरसाहेब. तिकडे म्हणे मोठी मोठी माणसं टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकून, अंतराळातली युद्धं खेळतात. त्यासाठी धातूची इवलीइवली यानं लागतात. भाऊजींनी डिझाइन काढायची, ह्यांनी रबराच्या साच्यात धातू ओतायचा, गल्लीतल्या बायकांनी रंगवायचं. सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या गाडीच्या जागेत कारखाना सुरू झाला. गाडी नव्हतीच, म्हणून जागा होती!

पण साहेबाचं काम सुटंसुटं यायचं. वर्षाचं काम पक्कं झालं नाही, तर हे वापीच्या कारखान्यात जाणार, हे ठरलेलं. वापीवाल्यांनी संक्रांतीपर्यंत उत्तर मागितलं होतं. हे एकटे वापीला, खाणावळीत जेवणार, म्हाताऱ्या आईला आठवड्यातून एकदा फोन करणार... मला घास गोड लागत नव्हता.

तर आता किस्से.

*

गडावर मी ते पहिलं यान तबकात ठेवलं. तिथे लोक चांदीचे डोळे वाहतात, हात वाहतात, पाळणे वाहतात. ज्याचं जे दुखणं, त्याचं ते. गुरुजींनी माझं यान उचललं, उलटं केलं, चष्मा वर करून पाहिलं.

"ताई, इतकी वर्षं इथे आहे, सगळं ओळखतो. हा कुठला अवयव?"

"अवयव नाही गुरुजी, अंतराळयान आहे."

गुरुजींनी जरा वेळ विचार केला. मग यान अलगद देवीपुढे ठेवलं आणि मायेनं विचारलं, "बरं. पण दुखायचं थांबलं ना?"

*

दिवाळीत माझा चकलीचा सोऱ्या सापडेना. भाजणी भिजवलेली, तेल तापलेलं. शोधत कारखान्यात गेले, तर भाऊजी त्याचा साचा घेत बसलेले!

"वहिनी, असा आकार माणसाला सुचतच नाही!"

"सुचला म्हणूनच चकल्या होतात ना भाऊजी!"

ते यान साहेबाला फार आवडलं. मागची ती चांदणीच्या आकाराची भोकं बघून त्याने विचारलं, ही इंजिनं कुठल्या ग्रहावरची? भाऊजींनी उलट टपाली ई-मेल धाडला, "पंचवटी." साहेबाने कॅटलॉगमध्ये तसंच छापलं.

मग भाऊजींना चटकच लागली. पुरणयंत्र गेलं, किसणी गेली, सासूबाईंचा अडकित्ता तर मोठी युद्धनौका झाला. शेवटी शेवटी भाऊजी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तरी सासूबाई ओरडायच्या, "अगं, विलास आला! विळी झाक!"

*

एकदा पार्सल द्यायला मी स्वतः कुरिअरच्या ऑफिसात गेले. तिथला क्लार्क नवा होता.

"आत काय आहे, मॅडम?"

"अंतराळयानं."

त्याने मान वरदेखील केली नाही.

"नवीन की वापरलेली?"

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ह्यांनी भट्टी पुजली, पक्कड, कानस पुजली. सासूबाई म्हणाल्या, "आणि ही लढायची यानं? ती काय हत्यारं नव्हेत?" पॅक करायला काढलेल्या सगळ्या यानांना त्यांनी एकेक करून हळदकुंकू लावलं. आम्हाला वाटलं, पुसलं असेल. रंगवणाऱ्या बायकांना वाटलं, पुसू नये. कोणी पुसायचं देवाचं? तशीच गेली!

साहेबाचा फोन आला. ह्यांचा चेहरा पडला. मी मनात देवीचा धावा सुरू केला. भाऊजींनी रिसीव्हर घेतला.

साहेब म्हणाला, "ती लाल-पिवळी खूण फारच छान. कुठल्या सैन्याची?"

भाऊजी म्हणाले, "आईच्या."

पुढच्या वेळी त्याने आवर्जून सांगितलं, आईच्या सैन्याची आणखी पाठवा.

*

पण माझ्या मते ग्रहणाचा किस्सा वरचढ. मोठं पार्सल बांधून तयार, कुरिअरवाला दारात. सासूबाईंनी उंबऱ्यातच हात आडवा केला.

"आज ग्रहण आहे. आज नाही."

हे म्हणाले, "अगं आई, ती खेळणी आहेत!"

"अरे, जमिनीवरची माणसं ग्रहणात घराबाहेर पडत नाहीत. आणि ह्यांना तर वरच जायचंय!"

कुरिअरवाल्याने दोन मिनिटं विचार केला आणि तोही म्हणाला, "मावशींचं बरोबर हाय. लय रिस्क हाय."

पार्सल थांबलं. साहेबाने उशिराचं कारण विचारलं. भाऊजींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सांगितलं, ग्रहण होतं. मग साहेब गंभीरपणे म्हणाला, "मला हे आधीच सुचायला हवं होतं."

*

आणि मग तो साहेब स्वतःच आला. संक्रांत तोंडावर, वापीवाल्यांचे फोनवर फोन, आणि हा म्हणाला, "वर्षाचं काम द्यायचं की नाही, ते तुमचं काम पाहून ठरवीन."

उंच, गोरापान, दारात वाकून आत आला. भट्टी नाही पाहिली, साचे नाही पाहिले. खुर्चीत बसता बसता विचारलं, "तुम्ही लिहिलं होतं, आमची माणसं रोज खेळतात. खेळणाऱ्यांच्या हाताखालून गेलेलं यानच मी घेतो. कुठे आहेत ती माणसं?"

त्या खेळाचा एकही नियम आमच्या घरात कोणाला माहीत नव्हता! मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, मी खोटं नव्हतं लिहिलं. आई खेळते की रोज."

खरंच होतं. दुपारी जेवणं झाली की सासूबाई सारीपाटाचा पट मांडायच्या. जुन्या सोंगट्या हरवल्या होत्या, म्हणून बिघडलेली यानं घ्यायच्या. नियम त्यांचे त्यांनीच केलेले.

साहेबाला पटाशी बसवलं. मांडी घालताना त्याचे गुडघे कानाला लागले. सासूबाईंनी कवड्या त्याच्या हातात दिल्या.

"यानांवरच्या ह्या तोफा कशा चालतात?" त्याने विचारलं.

"त्या धरायच्या. यान उचलायला बऱ्या पडतात."

"आणि दोन यानं एका घरात आली तर?"

"ओळखीची असली तर चहा घेतात. नसली तर मागून आलेलं पहिल्याला मारतं."

साहेब मान डोलावून खेळू लागला. चांगला खेळत होता हो! पण सासूबाईंनी त्याचं सोऱ्याचं यान मारलं. त्याने दुसरं यान उचललं, तर त्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"ठेव खाली! तुझ्या घरात सुतक आहे. एक गेलं, आता बाकीच्यांनी हलायचं नाही."

भाऊजींनी भाषांतर केलं. साहेबाने चष्मा काढला. पटाकडे पाहत राहिला. त्याची सगळी यानं जागच्या जागी, आणि सासूबाईंची एकेक करून घरी चाललेली! ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला डोळ्यांसमोर वापीची खाणावळ दिसायला लागली.

"हे... कधी संपतं?" साहेबाने विचारलं.

"आंघोळ केली की फिटतं," सासूबाई कवड्या खुळखुळवत म्हणाल्या.

भाऊजींनी तेही सांगितलं. साहेब एकदम उठला. इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "बाई, बाथरूम कुठे आहे?"

मी बादली भरून दिली. दार लावता लावता तो ओरडला, "वर्षाचं काम तुमचंच! पण माझी यानं हलवू नका!"

हे वापीला फोन करायला धावले. अर्ध्या तासाने ह्यांचा सदरा-पायजमा घालून, पोटऱ्या उघड्या, केसांतून पाणी निथळत, साहेब पटाशी येऊन बसला.

"आता माझा डाव?"

सासूबाईंनी त्याच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आधी डोकं पूस. मग खेळ."

तेव्हा बायांनो, माझं एक ऐका. तुमच्याकडे कोणी पारखायला येणार असेल, तर चहाचं नंतर बघा. आधी बादलीभर कढत पाणी काढून ठेवत जा.