निळ्या रंगाखालचा गंज

ती घटना आठवायला बसलो की आधी मोहाच्या फुलांचा वास येतो. गुन्हा मागाहून येतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातला तालुका होता आणि मी तिथल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार. चैत्रात तो सगळा मुलूख अर्धवट झोपेत असल्यासारखा वाटे. पहाटे मोहाची फुलं टपटपत, तलावाच्या काठाशी सारसांची जोडी हलायचं विसरून उभी असे आणि दुपारी कोठडीतल्या माणसालाही पळून जायचा कंटाळा येई.

त्या काळी गावोगावचे कोतवाल आठवड्यातून एकदा ठाण्यात येऊन जन्म, मृत्यू आणि भांडणं नोंदवून जात. कामठ्याकडच्या एका गावचा कोतवाल असाच आला होता. सगळं सांगून झालं तरी उठेना.

"आणखी काय?"

"काही नाही जी. आमच्या पटेलानं मोटार घेतली."

"मोटार घेणं गुन्हा नाही."

"हव जी. पूजा झाली. मोठे पुढारी आले होते. नारळ फोडला."

"मग?"

"नारळ फुटला नाही साहेब. गाडीच फुटली."

पुढाऱ्यांनी गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात उभं राहून प्रगतीवर बरंच लांब भाषण केलं होतं. मग खाली उतरून त्यांनी पुढच्या बंपरवर नारळ आपटला, तर बंपरचा कोपराच गळून पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या गाडीचा विधी असाच असतो, असं त्यांना वाटलं. कोतवालाने मात्र तो तुकडा उचलून पाहिला. वरून निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली नुसता गंज. आणि बालाघाटकडच्या एका लाकूड ठेकेदाराची हिरवी पिकअप चोरीला गेल्याची सूचना माझ्या टेबलावर कधीची पडून होती.

पिकअप म्हणजे पुढे दोघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. लढाई संपल्यावर लष्कराने अशा गाड्या भंगारात काढल्या आणि त्या हातोहाती फिरत खेड्यांपर्यंत पोचल्या. पटेलाची गाडी मोहाच्या झाडाखाली उभी होती. हौद्यात फुलांचा सडा पडला होता. दुरून पाहिलं तर जांभई देणारं एखादं निळं जनावर बसलंय असं वाटे.

पटेल म्हणजे धानाची बरीच जमीन असलेला पोवार शेतकरी. पूर्वज माळव्यातून आले, हे तो पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी सांगे.

"गाडी घेताना काय पाहिलं?" मी विचारलं.

"सारं पाह्यलं जी. धानाची पोती भरून ओढाले लावली. चढावर थांबली नाही. अंगावरून हात फिरवला, दमते का पाह्यलं."

"भोवरे पाहिले की नाही?" माझा हवालदार म्हणाला.

"गाडीले भोवरे राहतात का?" पटेलाने काळजीने विचारलं.

बैल घेताना त्याच्या अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे पाहतात. त्याने गाडी बैलासारखी पारखली होती, आणि बैल म्हणून ती खरोखर नाव ठेवण्यासारखी नव्हती. मी वर्दीचा कोट काढला आणि गाडीखाली शिरलो. दांडक्याने सांगाडा ठोकत गेलो. चांगलं लोखंड टणकन बोलतं. इथे दोन जागी ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा आवाज आला. खिळा टोचला तो लाकडात शिरावा तसा आत गेला आणि बाहेर आलं डांबर, त्यात मळलेला धानाचा कोंडा. गंजाची भोकं अशी बुजवून वर रंग दिला होता. हौद्यात नव्या फळ्या ठोकल्या होत्या. त्या उचकटल्या तर खालच्या पत्र्यातून मोहाची फुलं सरळ जमिनीवर पडताना दिसली. सांगाड्यावरचा नंबर कानसून पुन्हा ठोकलेला होता. आकडे एका ओळीत नव्हते.

"विकणाऱ्यानं सुरू करून दाखवली तेव्हा इंजिन गार होतं?"

"नाही जी. मी पोचलो तं ऊनऊनच होतं. एका झटक्यात सुरू झाली."

म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी कुणीतरी तासभर खटपट करून ठेवली होती.

"आणि कागद?"

कागद नव्हते. चोरीचा माल त्याच्या दारात, विकणाऱ्याचा पत्ता नाही. कायद्याच्या दृष्टीने चोरीचा माल घेणारा तो स्वतःच, आणि विकणारा सापडला नाही तर तुरुंगात जाणाराही तोच. मी पंचनामा करून त्याला सोबत घेतलं तेव्हा त्याची बायको दारात आली.

"याले काऊन नेऊन राहिले साहेब? याले तं गाडी चालवताबी येत नाही."

बचाव म्हणून हे पुरेसं नव्हतं. पण मी ते विसरलो नाही.

ठाण्यात जबानी सुरू झाली. सौदा गोंदियाच्या बैलबाजारात झाला होता. विकणाऱ्याने उन्हासाठी तोंडाला गमछा गुंडाळला होता, नाव सांगितलं ते खोटं निघालं. किंमत बैलाची ठरवतात तशी ठरली. दोघांच्या हातांवर कपडा टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही.

"अरे, तोंड पाहिलं नाहीस, नाव नाही, गाव नाही. मग कुणाला शोधू मी?"

"हात ओळखतो जी," पटेल म्हणाला. "एवढा वेळ धरला होता. कसा विसरीन?"

हवालदार हसला. मीही हसलो, पण मनात ती गोष्ट ठेवली.

शोध आम्ही रंगावरून केला. स्वस्तात मिळालेला रंग माणूस वाया जाऊ देत नाही. हवालदार साध्या कपड्यांत गोंदियाच्या गल्ल्या हिंडला आणि दोन दिवसांनी स्वप्नातून उठल्यासारखा परत आला. एका भंगारवाल्याकडे दार निळं, खाट निळी, पाण्याच्या माठाचा ओटा निळा आणि बकरीची शिंगंसुद्धा निळी होती.

ठाण्यात आणलेला भंगारवाला शांत होता. "नीला रंग तो आसमान का भी है, साहब. उसको भी बंद करोगे?"

"बैलबाजारात जातोस?"

"मैं लोहे का आदमी. बैल से मुझे क्या? वहाँ का सौदा कैसे होता है, ये भी नहीं मालूम."

हे वाक्य मी लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा घेतला.

ओळख परेडला तहसीलदारसाहेब दंडाधिकारी म्हणून आले. "हाताची ओळख परेड कायद्यात कुठे आहे?" त्यांनी विचारलं. नाही असंही कुठे लिहिलेलं नाही, असं मी अदबीने म्हणालो. ठाण्याच्या पडवीत चादर बांधली. तिच्यामागे पाच माणसं. चौघांचा बैलबाजाराशी संबंध नव्हता, पाचवा भंगारवाला. प्रत्येकाने उजवा हात चादरीतून बाहेर काढायचा. वर गमछा टाकला.

दुपार होती. पटेलाने डोळे मिटले. पहिला हात धरून सोडला. दुसराही सोडला. तिसऱ्याशी तो थांबला आणि गमछा किंचित हलला. पटेल नुसता चाचपत नव्हता. त्याने बोटं दाबून भाव लावला, आणि तो मुद्दाम पडेल भाव होता. क्षणभर काही झालं नाही. मग त्या हाताने झटकन त्याची बोटं मुडपली आणि उलट भाव सांगितला.

"हाच जी!" पटेल ओरडला. "आताबी कमी करून नाही राहिला!"

चादर काढली. भंगारवाला स्वतःच्या हाताकडे असा पाहत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग तो खाली बसला. "हाथ ने मरवा दिया, साहब," एवढंच म्हणाला.

नुसत्या हातावर कोर्टात काही टिकलं नसतं. पण त्यानंतर त्याची जीभही मोकळी झाली. पंचांसमक्ष त्याने माठाचा निळा ओटा खणून दिला आणि खालून चोरीच्या गाडीची मूळ नंबराची पाटी निघाली. पटेलावरचा आरोप गेला. तो साक्षीदार झाला. ठेकेदार आपली गाडी न्यायला आला, तेव्हा तिच्याखाली वाकून बराच वेळ पाहत राहिला. ती सापडल्याचा त्याला फारसा आनंद झालेला दिसला नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याला मी तेव्हापासून सांगत आलो. दिवसाउजेडी बघा. इंजिन गार असताना सुरू करून बघा. कपड्यांची पर्वा न करता खाली शिरा, ठोका, टोचा. फळ्या उचला, नंबर कागदाशी ताडून बघा. आणि विकणाऱ्याच्या घरी जाऊन पाणी प्या. माणूस कुठे राहतो ते कळतं. पोलीस म्हणून मी वेगळं शिकलो. ठाण्यात येण्यापूर्वी माणूस चेहरा तयार करतो, जबाब घोकतो. हात तयार करायचं कुणाला सुचत नाही. पुढे कित्येक जबान्या मी समोरच्याच्या हातांकडे पाहत घेतल्या.

सुटला त्या दिवशी पटेल माझ्यासमोर उभा होता. ठाणेदाराला शोभणारी गोष्ट नव्हती, पण मी त्याच्यापुढे हात केला. तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने लांबूनच नमस्कार केला.

"माफ करा साहेब," तो म्हणाला. "आता थोडे दिवस कोनाचाच हात नाही धरत मी."

आणि तो कामठ्याच्या वाटेने पायीच निघून गेला.