एका सकाळचे ड्रॅगन

माराकाइबोच्या त्या आळीत नेरिओ उर्दानेताच्या दुकानावरून जाणारा प्रत्येक जण एकदा तरी ओरडायचाच, "उस्ताद, आज ड्रॅगन कसे दिले?"

नेरिओ पंख्यांच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. जळकी तार काढायची, नवी भरायची, व्हार्निश मारायचं, उन्हात वाळवायचं. तळ्याकाठच्या त्या गावात पंख्याशिवाय मूलसुद्धा झोपत नाही, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो भावाचा. सकाळी सांगितलेल्या पैशांत दुपारी तांब्याची तार येत नसे. सरकारनं नोटेवरची पाच शून्यं उडवली, पण ती परत यायलाही फार वेळ लागला नाही.

त्याची मुलगी आतल्या खोलीत, पडद्यामागे, जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम खेळायची. नेरिओ आणि त्याची बायको लूस ह्या दोन नावांतून तिचं नाव झालं होतं, नेरिलू. लूस चिलीला गेली, सुरुवातीला दर रविवारी फोन करायची, मग सणावारी, मग नाही. नेरिलू गेममध्ये ड्रॅगन मारायची, त्यांची कातडी विकून सोन्याच्या मोहरा जमवायची, आणि त्या मोहरा परदेशातले लोक डॉलर देऊन विकत घ्यायचे. आळीतली अर्धी तरुण पोरं हेच करत होती. घरात पीठ यायचं ते त्यातूनच.

"पप्पा, भाव मोहरांत सांगा," एकदा ती म्हणाली. "त्या दुपारपर्यंत तरी टिकतात."

"मला मोहरा कळत नाहीत. एका सकाळी किती ड्रॅगन मारतेस?"

"वीज असली तर बरेच."

"माझा एक पंखा पण एका सकाळचाच. मग झालं. माझी सकाळ देतो, समोरच्यानं त्याची द्यायची."

असा तो भाव ठरला. गिऱ्हाइकानं विचारलं की नेरिओ म्हणायचा, "एका सकाळचे ड्रॅगन," आणि मान वळवून पडद्याकडे हाक मारायचा, "नेरिलू! आज किती?" आतून ती मोहरांचा आकडा सांगायची, मग त्याचे डॉलर, मग डॉलरचे इथले बोलिवार. दर पायरीला निराळा दर, मध्ये दलालाची कापणी. ज्याच्या घरात खेळणारं पोर असेल तो सरळ मोहराच द्यायचा.

नेरिओला हा हिशेब आठवडाभरात यायला लागला होता. आयुष्यभर तारेचे वेढे मनात मोजलेला माणूस तो, त्याला हे काय जड होतं? एके दुपारी तर नेरिलू पाण्याच्या रांगेत असताना त्यानं एका गिऱ्हाइकाला परस्पर भाव सांगूनही टाकला. ती आल्यावर मोठ्या ऐटीनं तिला सांगणार होता. पण ती दारातच मैत्रिणीशी बोलत उभी होती. रोसा नावाची ती मैत्रीण लिमाला निघाली होती, हिलाही चल म्हणत होती. तिथं तिच्या मावशीच्या खानावळीत दोघींना काम होतं.

"मी कशी येऊ?" नेरिलू म्हणाली. "पप्पांना मोहरांचे साधे डॉलर करता येत नाहीत. कुणीही फसवेल त्यांना."

त्या दिवसापासून नेरिओचा हिशेब कच्चा झाला. ती शिकवायला बसली की तो एक शून्य जास्त लावायचा, दलालाची कापणी विसरायचा, टक्क्यांना शिव्या घालायचा. "जाऊ दे गं, माझ्या डोक्यात नाही शिरत." ती वैतागायची, हसायची. रोसा गेली. मग समोरची पोरं गेली. पडद्यामागून आकडे येत राहिले.

पुढे ते आकडे उतरायला लागले.

"काल तर ह्याच मोहरांचे जास्त येत होते," नेरिओ एकदा म्हणाला. हे मात्र त्याला खरंच कळत नव्हतं.

"आपल्यामुळेच, पप्पा. आपण सगळेच जाऊन बसलो गेममधल्या त्या ड्रॅगनांच्या दरीत. इतकं सोनं बाजारात ओतलं की त्याला विचारणारं कोण राहिलं? शिवाय परदेशातली खेळणारी पोरं टोळी करून येतात, आपल्यालाच मारायला. बोलण्यावरून ओळखतात."

नेरिओ हातातली तार धरून बसून राहिला. "म्हणजे तिथं गेलो, आणि तिथल्याही पैशाचं वाटोळं केलं."

एका सकाळच्या ड्रॅगनमध्ये आता पंख्याची तार येईना. नेरिलू म्हणाली, दीड सकाळ सांगा. तो म्हणाला, माझी सकाळ एकच आहे. मग तो गुपचूप दुसऱ्या जळक्या मोटारींतली त्यातल्या त्यात बरी तार उकलून भरायला लागला. शेजारच्या एग्दाबाई, ज्या दारात केळ्याच्या गोड मांदोका तळून विकायच्या, त्यांचा पंखा आठवड्यात परत जळला.

त्यांनी तो बाकावर आपटला. "तुझा ड्रॅगन मेला रे, नेरिओ."

"करून देतो, बाई."

"दे. पण ह्या खेपेला प्रेतावरची तार नको. रात्रभर पदरानं वारा घेतलाय मी."

नेरिलूनं पडद्यातून बाहेर येऊन तो पंखा उघडला. काळी पडलेली तार बोटावर गुंडाळली, सोडली. नव्या तारेचे पैसे तिनंच दिले, आणि मग प्रत्येक पंख्याला तीच द्यायला लागली.

असे काही आठवडे गेल्यावर तिनं त्याला आत बोलावून स्टूलवर बसवलं.

"दुकान चालतंय ते माझ्या मोहरांवर, आणि त्यांत आता दोघांचं पोटही भरत नाही. मी माझं खातं विकतेय. चार वर्षं वाढवलेलं पात्र आहे, एक डच माणूस नव्वद डॉलर देतोय. सीमेपलीकडे मायकाओपर्यंत जाईन, तिथून पुढे बघेन. तिकडून पाठवीन काहीतरी."

"नव्वद?" नेरिओ ताडकन उठला. "चोर आहे तो! दिवसाला बावीस लाख मोहरा मिळवतं तुझं पात्र. आज दहा लाखांना बावन्न सेंट आहेत, त्यातून दलालाचे दहा टक्के गेले तरी रोजचा डॉलर सुटतो. तीन महिन्यांत नव्वद वसूल करेल तो, पुढचं सगळं त्याला फुकट! विकू नकोस!"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

नेरिलू त्याच्याकडे बघत होती.

"दलालाचे दहा टक्केसुद्धा," ती म्हणाली.

"ते... तू सांगतेस ते ऐकून ऐकून..."

"कधीपासून, पप्पा?"

तो परत स्टूलवर बसला.

"रोसा जायच्या आधीपासून?"

त्यानं मान खाली घातली.

"तिथं माझ्यासाठी जागा होती," ती म्हणाली. आवाज चढला नाही, हेच त्याला फार लागलं. "मी थांबले. तुम्हाला कुणी फसवू नये म्हणून थांबले."

त्यानं सांगितलेला हिशेब बरोबर होता, पण नव्वदच्या वर कुणी दिलं नाही. असली खाती विकायला काढलेल्यांची तिथंही रांग होती. आठवड्यानं ती पहाटेच्या जीपनं गेली. निघताना तिनं त्याचा गाल ओठांनी जेमतेम शिवला, आणि रिवाजाप्रमाणे आशीर्वाद मागितला. तो म्हणाला, "देव तुझं भलं करो." मायकाओहून "पोचले" असा निरोप आला. मग बोगोताहून एक, लिमाला निघाल्याचा. लिमाहून अजून नाही. रोसाच्या मावशीची खानावळ बंद झाली म्हणतात.

एग्दाबाई परवा पंखा घेऊन आल्या. विजेच्या झटक्यानं पुन्हा गेला होता.

"किती?"

"एका सकाळचे ड्रॅगन," नेरिओ म्हणाला, आणि मान पडद्याकडे वळवून, "नेरिलू! आज..."

एग्दाबाई हळूच म्हणाल्या, "ड्रॅगन मारणारं कुणी उरलं नाही रे आळीत. माझा नातूही गेला. डॉलरमध्ये सांग."

नेरिओनं सांगितलं. चटकन, सेंटासकट.

बाईंनी कमरेची पिशवी चाचपली, पुन्हा खोचली. "इतके नाहीत."

"मग निम्मे द्या."

"निम्म्यात तार येते?"

"नाही."

"आणि तार द्यायला पडद्यामागं कोण बसलंय आता?"

त्यांनी पंखा उचलून काखेत मारला. दारात थबकून म्हणाल्या, "मांदोका पाठवते दोन. खा. आजचं केळं गोड नाही, पण खा."