हॅलोआत्याचं पहिलं पान

तर मेहुण्यांनी कॉम्प्युटर बंद करायला घेतला, इथवर काल आलो होतो. पण तो सरळ बंद होईना. एकेक मसुदा पुढे करून विचारायला लागला, 'हे जपून ठेवू का?' आता आमच्या मेहुण्यांना दारावर येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला 'नको' म्हणायची आयुष्यभराची सवय. त्यांनी दरवेळी 'नको' दाबलं, यंत्र गप्प झालं, आणि मोठा किल्ला सर केल्याच्या थाटात ते पेपर उघडून बसले.

काल जे नव्हते त्यांना मेहुण्यांचा राग येण्याआधी त्यांच्या बायकोविषयी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीविषयी सांगायला हवं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसायची. बोर्ड म्हणजे भोकांची भिंतच. एका भोकातली वायर दुसऱ्यात खुपसली की इथला माणूस तिथल्याशी बोलू लागे. घरची पोरं तिला हॅलोआत्या म्हणायची, आता त्यांची पोरं हॅलोआजी म्हणतात. आपण फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं की ती विचारणार, "काय रे दादा, घसा धरलाय की वहिनीशी वाजलंय?" आणि दोन्हीपैकी एक असायचंच. पुढे आपोआप फोन जोडणारी यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, यथावकाश तीही निवृत्त झाली. आणि या वयात तिनं मनावर घेतलं की एक्स्चेंजवर पुस्तक लिहायचं.

लिहायला बसली, पण हात बोर्डावरचाच. तिथला पहिला नियम असा की दोन्हीकडच्यांनी फोन ठेवल्याशिवाय वायर उपसायची नाही. तोच नियम तिनं कॉम्प्युटरला लावला. पहिल्या पानाची एक सुरुवात लिहायची, ती पटली नाही की दुसरी उघडायची, पहिली तशीच उघडी. मग तिसरी. कशालाही नाव नाही, काही जपून ठेवणं नाही.

"अगं, बंद कर की त्यातली काही," मी एकदा म्हटलं.

"कशी करू? त्यांचं बोलणं कुठे संपलंय अजून?"

शेवटी यंत्राला धाप लागली. एक अक्षर उमटायला इतका वेळ घेई की मधे चहाचा घोट व्हावा. मेहुण्यांना वाटलं, बिचाऱ्याला जरा आराम देऊ. बायकोवर उपकार करायला गेले नि तिची सगळी पानं घालवून बसले.

ती भाजी घेऊन परत आली. पडद्याकडे बघितलं.

"अहो, माझी पानं कुठायत?"

"आवरून ठेवलं मी सगळं."

"कुठे आवरलंत?"

मेहुण्यांनी पेपर जरा वर उचलला. "ते काहीतरी विचारत होतं. मी नको म्हटलं."

ती भाजीच्या पिशवीसकट खुर्चीत बसली. कारण येत्या रविवारी एक्स्चेंजच्या जुन्या मैत्रिणी जमणार होत्या, आणि तिनं पहिलं पान वाचून दाखवायचं कबूल केलं होतं. समोर बसणार होत्या तिच्या सुपरवायझरबाई. ज्यांनी तिला कानाला हेडफोन कसा लावायचा इथपासून शिकवलं, त्या आता नव्वदीच्या. पुढच्या वेळी कोण असेल, कोण नसेल. खूप सुरुवाती मोडून एक तिला मनासारखी जमली होती, आणि तीच गेली होती.

मी माझ्या नातीला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरवरच तिचं पोट. तिनं आत कुठेकुठे शोधून, यंत्रानं स्वतःहून काढून ठेवलेल्या नकला बाहेर काढल्या. जवळजवळ सगळं मिळालं. मनासारखी जमलेली सुरुवात तेवढी मिळाली नाही.

"हॅलोआजी, आता मसुदे सांभाळणारं सॉफ्टवेअर घेऊनच टाकू," नात म्हणाली. "तीन दाखवते. आवडेल ते निवड."

पहिलं सॉफ्टवेअर देखणं, फुलाफुलांचं. दर महिन्याला पैसे, आणि इंटरनेट नसेल तर मुकं. "म्हणजे लाइन गेली की मी पण गेले," आत्या म्हणाली. दुसरं सगळं आपोआप जपायचं, दर मिनिटाला एक नक्कल. नातीला वाटलं, हेच पसंत पडणार. आत्यानं ती लांबलचक यादी वरखाली केली. "नुसत्या तारखा नि वेळा. यात मी काय केलं होतं, हे कोण सांगणार?"

"मग तिसरं तुला नकोच," नात हसत म्हणाली. "ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं. जपताना दरवेळी एक ओळ लिहावी लागते, काय बदललं, का बदललं. आम्हीसुद्धा कंटाळतो."

आत्या खुर्चीत सरळ बसली. "दरवेळी?"

"दरवेळी."

"अगं, हे तर पाळी सोपवणं झालं." आणि मग आत्या सुटली. बोर्डावरून उठताना पुढच्या मुलीला सांगावंच लागायचं, या लाइनवरचे गृहस्थ कधीचे थांबलेत, त्या लाइनवरच्या बाई रडतायत, त्यांना तोडू नकोस. न सांगता कुणी उठलं तर सुपरवायझरबाई जिन्यातून परत बोलवायच्या. "मी आज उठताना उद्याच्या मला सांगून जायचं. हेच दे."

"आणि एकाच पानाच्या चार सुरुवाती वेगवेगळ्या चालू ठेवता येतात, कुठलीच न तोडता," नातीनं सांगितलं.

"मग आधी काय फुलं दाखवत बसलीस?"

तेव्हापासून शिकवणी सुरू. आज शिकलेलं उद्या विसरायचं, परत फोन, परत शिकायचं. पण नोंद एकही चुकली नाही. एक तर मी वाचली, 'दुसरा परिच्छेद फार ऐटीत बोलतोय, उद्या त्याला खाली बसव.'

सुरुवात मात्र आठवेना. शनिवारी मी गेलो तर ती पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसलेली. मेहुणे पेपराआडून हळूच म्हणाले, "आम्ही माणसांना तोंडाने नाही, श्वासाने ओळखायचो."

तिनं मान वळवली.

"तू मोठ्यानं वाचायचीस ना," ते म्हणाले. "ऐकायला यायचं."

"पुढे?"

ते आठवून आठवून सांगत गेले, ती टाइप करत गेली. मध्येच तिची बोटं थांबली. मेहुणे म्हणाले होते, "घरी आल्यावर मी तासभर गप्प असायचे, आणि घरातला माणूस माझ्यासाठी रेडिओ बारीक करायचा."

"हे मी लिहिलंच नव्हतं."

"नसशील," मेहुणे म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

रविवारी संध्याकाळी मी फोन केला. पान वाचून झालं होतं. सुपरवायझरबाईंनी ते परत वाचायला लावलं होतं, आणि मोठ्या अक्षरातली प्रत मागून घेतली होती. मी विचारलं, "मग कुठली सुरुवात वाचलीस गं, तुझी की मेहुण्यांची?"

ती म्हणाली, "दादा, माझी त्यांना अर्धीमुर्धीच आठवली, बाकी मी नव्यानं लिहिली. पण रेडिओची ओळ तशीच वाचली, आणि आल्या आल्या नोंदीत लिहून टाकलं, ही ओळ ह्यांची आहे, उद्या मला कितीही सुचलं तरी हात लावायचा नाही."