नवऱ्याने भरलेला फॉर्म

“सगळं एकदम छान आहे,” समीरने तिसऱ्यांदा सांगितलं. तेही अस्खलित जपानीत. ओगावा-सान मात्र वजनकाट्याकडे बघत होत्या. दोन महिन्यांची ईरा गेल्या दोन आठवड्यांत जेमतेम शंभर ग्रॅम वाढली होती.

ओगावा-सान आरोग्य केंद्राच्या नर्स. बाळ झालं की इथे नर्स काटा घेऊन घरी येते. मी त्यांच्यासोबतची दुभाषी. तेव्हा टोकियोजवळच्या इचिकावात आपल्या आयटीवाल्यांची रीघ लागली होती. नवऱ्यांना जपानी येई, बायकांना येत नसे, म्हणून मला हे काम मिळालं.

“दोन आठवड्यांनी वजन असंच राहिलं तर बाळाला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल,” ओगावा-सान म्हणाल्या. मी ते समीरच्या बायकोला, अनघाला, मराठीत सांगितलं. तिने मान वर केली नाही. तिची आई व्हिसाचे नव्वद दिवस संपले तशी परत गेली होती.

मग फॉर्म निघाला. बाळंतिणीच्या मनाची विचारपूस करणारा. झोप लागते का, उगाच रडू येतं का, मदतीला कोणी आहे का. प्रत्येक उत्तर ‘काही त्रास नाही’. जपानी अक्षर कसं सुबक. आणि अनघाला तर स्टेशनची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

“हे कोणी भरलं?” मी विचारलं.

“मीच, काकू. जपानीत होतं ना.”

“तिला विचारून?”

“त्यात काय विचारायचं? आणि वाईट लिहिलं तर हे लोक ऑफिसला कळवतील. आधीच मी कॉन्ट्रॅक्टवर.”

दुभाष्याने मधे आपलं काही घालायचं नसतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी ओगावा-सानना सरळ सांगितलं, हे आईचं उत्तर नाही, नवऱ्याचं आहे. त्यांनी शांतपणे बॅगेतून कोरा फॉर्म काढला. “हा ऑफिसला जात नाही. आता आईला विचारा.”

मी पहिला प्रश्न वाचला. समीर सरसावला.

“तुमचं सांगून झालंय,” मी म्हटलं. “आता तिला बोलू द्या.”

अनघा सुरू झाली ती थांबेना. “दिवसातून एकदा जेवते, कधी तेही नाही. ही रडली की मीही रडते. दूध पुरत नाही, पण हा म्हणतो, आईला फोनवर काही बोलू नकोस. आठवडा झाला, आम्ही डायपर सोडून कशावर बोललेलो नाही.”

समीरने हे मराठीत ऐकलं, तेव्हा तो नुसता बसून होता. मी तेच ओगावा-सानना जपानीत सांगायला लागले आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मला तेव्हा त्याची दयाच आली.

ओगावा-साननी वरच्या दुधाचं माप लिहून दिलं, आणि समीरला संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघायला सांगितलं.

“दोन इमारती सोडून आपल्याच मराठी शुभदावहिनी राहतात. ओळख करून देऊ?” मी अनघाला विचारलं.

“घरचं बाहेर कशाला...” समीर.

“द्या,” अनघा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समीरचा फोन. “काकू, बॉसला वाटत होतं अनघा माहेरीच आहे. इथल्या बायकाही बाळंतपणाला माहेरी जातात ना. मी बोललोच नाही, म्हणून त्याने विचारलं नाही. महिनाभर सहाला निघ म्हणाला.”

शुभदावहिनी रोज सकाळी येऊ लागल्या. बाळाला न्हाऊ घालत, अनघाला समोर बसवून गरम जेवायला लावत. समीर संध्याकाळी ईराला खांद्यावर टाकून स्टेशनपर्यंत चक्कर मारे.

दोन आठवड्यांनी काट्यावर साडेचारशे ग्रॅम जास्त. ओगावा-सान एरवी हसत नाहीत, त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉस्पिटलचा विषय संपला.

“आईला झोप मिळते का?” त्यांनी विचारलं, मी ते मराठीत सांगितलं. समीरने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

“मला मिळते,” अनघा म्हणाली. “त्याला मिळते का ते विचारा. पहाटेची बाटली आता तोच देतो.”

त्या महिन्यात मी फॉर्मचं मराठी केलं. वर ठळक अक्षरात टाकलं, ‘हा फॉर्म आईनेच भरावा.’ वडिलांना घरातलं वाटतं तितकं माहीत नसतं, हेही लिहिणार होते. ओगावा-सान म्हणाल्या, तेवढी जागा नाही.